मुलगा १० वर्षांचा, सासरे ७२ चे, दोघांना लायब्ररीतून पुस्तकं कशी निवडू?

नुसतं वय सांगू नका, शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण वाचलं आणि कुठलं अर्धवट टाकलं ते काउंटरवर सांगा, मी स्वतः वाचनालयात काम करते आणि मला त्या अर्धवट टाकलेल्यावरूनच जास्त कळतं. मुलाला सायकल, धावपळ, चोर पकडणं वगैरे आवडत असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या, फुरसुंगीचा पोरगा, गोष्ट कुठे रेंगाळत नाही. त्याने कॉमिक्सच मागितलं तर घेऊ द्या प्लीज, तेही वाचनच आहे.

सासऱ्यांना मात्र आधी आतलं पान उघडून दाखवा. आमच्याकडे एक आजोबा पुस्तकं दुसऱ्याच दिवशी परत आणायचे, आम्हाला वाटलं आवड वेगळी असेल म्हणून विषय बदलत राहिलो, आणि शेवटी कळलं की अक्षर बारीक होतं, बास एवढंच. गावाची ओढ असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी बघा, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरची गोष्ट, पानंही कमी.

ग्रंथालयशास्त्रातले मोठे अभ्यासक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच लिहिलंय की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं, त्यामुळे नाही आवडलं तर बिनधास्त बदलून घ्या आणि का नाही आवडलं ते पण सांगा.