अथेन्सचं प्रसिद्ध पार्थेनॉन सोडून दुसरं कुठलं ग्रीक मंदिर पाहावं, आणि त्यात नेमकं काय बघावं?

माझं उत्तर डोळे मिटून एकच: एजिना बेटावरचं अफाइया देवीचं मंदिर. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून बोटीने तासाभरात बेट गाठता येतं. मंदिर पाइनच्या झाडीतल्या टेकडीवर आहे. इसवी सनापूर्वी 500 च्या आसपासचं, म्हणजे पार्थेनॉनहून निदान अर्धशतकाने जुनं. चौथरा जेमतेम 14 बाय 29 मीटर, त्यामुळे सगळी रचना एका फेरीत लक्षात येते.

शैली डोरिक, म्हणजे ग्रीक मंदिरांची साधी, भक्कम शैली. खांबांना तळखडा नाही, ते थेट चौथऱ्यावरच उभे. समोर 6, बाजूला 12. दगड तिथलाच चुनखडीचा, खडबडीत, म्हणून त्यावर गुळगुळीत गिलावा दिलेला होता. गाभाऱ्यात खांबांच्या दोन रांगा, आणि प्रत्येक रांगेत खांबावर खांब असे दोन मजले. भक्तांनी आत जमायची पद्धत नव्हती. बळी द्यायचा तो बाहेर, पूर्वेच्या वेदीवर.

उत्तरेकडची बाजू घाईने ओलांडू नका. बाहेरचे खांब सव्वापाच मीटर उंच आणि जवळजवळ सगळे एकसंध दगडाचे. फक्त तीन खांब गोल तुकडे एकावर एक रचून केलेत. गाभाऱ्याचं सामान आत न्यायला तेवढी वाट शेवटपर्यंत मोकळी ठेवली असावी, असं अभ्यासक मानतात. मला हे शिल्पांइतकंच आवडतं, कारण त्यात बांधकामाची धांदल दिसते.

आता शिल्पं. ती बघायला मात्र जर्मनीत जावं लागतं. 1811 मध्ये इंग्रज वास्तुविशारद कॉकरेल आणि जर्मन वास्तुविशारद हालर फॉन हालरश्टाइन वगैरे मंडळींनी ती उकरून काढली. ग्रीस तेव्हा ऑटोमन अंमलाखाली होता. पुढच्या वर्षी लिलाव झाला झांटे बेटावर आणि बोली लावायला निघालेला ब्रिटिशांचा माणूस चुकून जाऊन बसला माल्टाला! शिल्पं बव्हेरियाच्या युवराज लुडविगने घेतली. ती आज म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहेत.

मंदिराच्या दोन्ही टोकांना छपराखालच्या त्रिकोणात ग्रीक पुराणकथांतल्या ट्रॉय नगरीवरची दोन युद्धं कोरली होती, दोन्हीकडे मधोमध अथीना देवी. पूर्वेला महावीर हेराक्लीसची आधीची स्वारी, पश्चिमेला ग्रीक राजा ॲगामेम्ननची. दोन्हींत एजिनाचे वीर लढले, त्यामुळे बेटावरच्या लोकांना ही घरचीच गोष्ट. त्रिकोण कोपऱ्याकडे निमुळता होत जातो, म्हणून उभे, वाकलेले, गुडघ्यावर बसलेले आणि शेवटी आडवे पडलेले योद्धे अशी मांडणी. मूर्ती पॅरोस बेटाच्या संगमरवराच्या, पाठीमागूनही पूर्ण घडवलेल्या. खरं तर ती बाजू खालून कुणाला दिसणार नव्हती.

वेळ द्यायचा तो कोपऱ्यातल्या दोन मरणाऱ्या योद्ध्यांना. पश्चिमेचा योद्धा छातीतलं शस्त्र उपटतोय, पण चेहऱ्यावर जुन्या धाटणीचं ठरीव स्मित आणि छाती प्रेक्षकांकडे वळवलेली, जणू मरताना पोझ देतोय. पूर्वेचा दाढीवाला वीर ढालीवर कलंडलाय. धड पिळवटलंय, डोकं खाली झुकलंय, हात ढालीच्या पट्ट्यातून सुटतोय. शरीरातली ताकद संपत चालल्याचं दगडात दिसतं. दोन्ही शिल्पसमूहांत अंतर फार तर दहा-वीस वर्षांचं, पण तेवढ्यात ग्रीक शिल्पकलेने कूस बदलली. एकाच इमारतीवर हा बदल असा शेजारी शेजारी फार कमी ठिकाणी सापडेल.

जुन्या पुस्तकांतले फोटो पाहून जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेनने 1815 नंतर बरेच तुटके भाग नवे घडवून जोडले होते, ते 1960 च्या दशकात काढून टाकले. त्यामुळे फोटोतले काही हातपाय तिथे दिसणार नाहीत. आणि पांढरा दगड पाहून फसू नका, मुळात हे सगळं रंगवलेलं होतं. ट्रोजन धनुर्धाऱ्याच्या तंग कपड्यांवर तर रंगीत नक्षी होती. तिच्या खुणा अभ्यासून भडक रंगांतल्या प्रतिकृतीही केल्या गेल्या आहेत. काहींना त्या बटबटीत वाटतात. मला आवडतात.