बाय, तो मणी काढून टाक

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

शिरगावच्या लईराई देवीची जत्रा आटोपून घरी आलो तर मुलांसाठी लिहिलेल्या तुझ्या पुस्तकाचं बाड उंबऱ्यावर वाट बघत होतं. पाय आंबले होते, पण आत काय आहे ते बघितल्याशिवाय झोप येईना. आधी नकाशा उघडला. वय झालं तरी पुस्तकात नकाशा दिसला की मी तिथंच बसकण मारतो. तुझा नकाशा सुरेख आहे. फक्त कुशावती तू थेट समुद्राला नेऊन सोडलीस. ती झुवारीला मिळते. पेन्सिलीने खूण केली आहे.

मुलं तू जिवंत उभी केली आहेस, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे. ती धाकटी, जी भांडताना मराठी सोडून कोंकणीत शिरते, तिला मी चौथीत शिकवलेलं आहे असंच वाटलं. आजीच्या परसातलं तिरफळाचं झाडही छान.

आता मणी. तांबडी सुर्ल्याच्या देवळात मुलांना निळा मणी सापडतो आणि मग ती कुठेही अडली की मणी चमकतो. मी मोजलं. अकरा वेळा चमकतो. नदी चढली, मणी चमकला. लेख वाचता येईना, मणी चमकला. चोर आले, मणी चमकला. अगं, मग त्या पोरांना डोकी दिली आहेस कशाला? आणि शेवटी गाभाऱ्याखाली सोन्याची पेटी! जुन्या देवळांत गुप्तधनासाठी रात्री खणणारे महाभाग अजूनही निघतात. नऊ वर्षांच्या वाचकाच्या डोक्यात तोच किडा आपण कशाला सोडायचा?

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या देवळात पेटीपेक्षा मोठं कोडं डोळ्यांसमोर उभं आहे आणि तुझी मुलं त्याच्याकडे पाठ करून मणी शोधतात. आपला गोवा चिऱ्याचा, म्हणजे लाल जांभ्या दगडाचा. घर चिऱ्याचं, गडगा चिऱ्याचा, विहीर चिऱ्याची. पावसात सगळं लालेलाल. आणि तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ, बाराव्या-तेराव्या शतकातलं, कदंब राजांच्या वेळचं, ते काळ्याभोर पाषाणाचं. आसपास असा दगड नाही, तो घाटावरून आणला असं जाणकार सांगतात. घाटावरून! आजही तिथे वाट चढताना दम लागतो. कुणी वाहिला तो? कुठल्या वाटेने? एवढ्या आडरानात का? तुझ्या धाकटीने हातात चिऱ्याचा लाल तुकडा घेऊन त्या काळ्या खांबाला लावून बघावा आणि म्हणावं, "हो फातर आमचो न्हय." मणी नाही, मंत्र नाही, आणि पुस्तक तिथून धावायला लागेल.

आणखी एक. मंडपातला नंदी तू पूर्ण काढला आहेस, शिंगांसकट. त्याला डोकं नाही. आता चांदरला जा, म्हणजे जुन्या चंद्रपुराला, जिथे भोजांची राजधानी होती आणि पुढे कदंबांचीही. तिथे उत्खननात देवळाचा पाया निघाला, आणि तिथेही एक नंदी बसला आहे, डोक्याविना. गोव्याच्या दोन टोकांना दोन बिनडोक्याचे नंदी. दोघांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, बहुधा नसेल. पण दहा वर्षांच्या मुलाला तो संबंध लागल्याशिवाय राहणार नाही, आणि तो शोधता शोधता त्याला जे सापडेल ते तू लिही. नसलेला संबंध हुडकत गेलेलं मूल शेवटी "नाही, हे वेगवेगळे" असं स्वतःच म्हणतं, तेव्हा त्याला जो आनंद होतो तो मी वर्गात पाहिलेला आहे.

माझी एक लाज सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मुलांना घेऊन हरवळ्याला गेलो होतो. गुहा दाखवल्या आणि ठोकून दिलं, "पांडव वनवासात असताना इथे राहिले, त्यांनीच ह्या कोरल्या." एक पोरगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, म्हणाला, "मास्तर, पांडवांनी छिन्नी कुठून आणली?" सगळे हसले. मी त्याला गप्प केलं. परत येताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता आणि मला कळत होतं की त्या दिवशी शहाणा प्रश्न विचारणारा तो एकटाच होता.

त्याला काय सांगायला हवं होतं ते नंतर सुचलं. "गावचे लोक ह्यांना पांडवांच्या गुहा म्हणतात. गुहा कोरल्या गेल्या त्या साधारण सहाव्या-सातव्या शतकात, चिऱ्यातच. आता तू मला सांग, लोकांना पांडव का आठवले असतील?" एवढंच. दंतकथेला खोटं पाडायचं नाही आणि तिला इतिहासाची टोपीही घालायची नाही. "लोक म्हणतात" हे दोन शब्द तुझ्या पूर्ण बाडात मला एकदाही सापडले नाहीत. सगळं एकाच दमात, एकाच आवाजात येतं: परशुराम, पांडव, कदंब, जणू तिघं एकाच गल्लीत राहत होते.

त्याच गुहेत एका शिवलिंगावर ब्राह्मी लिपीत लहानसा लेख आहे. "सांबलूरवासी रवि" असा तो वाचला गेला आहे. सांबलूरचा रहिवासी रवी. आता हा रवी म्हणजे कुणी माणूस, की आकाशातला सूर्य? मुलांना भांडू दे ना ह्यावर. एक म्हणेल सूर्य, दुसरी म्हणेल छे, कोणीतरी आपलं नाव आणि गाव लिहून गेलाय, बाकावर लिहितात तसं. असं एक पान तुझ्या अकराही चमकांपेक्षा मुलांच्या जास्त लक्षात राहील.

परशुरामाबद्दल बोलू. त्याने सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे सरला, बाण पडला ते बाणावली. हे प्रकरण तू चार ओळींत उरकलंस. मी तिथे एक अख्खं पुस्तक करीन. कारण समुद्र मागे सारण्याचं काम आपल्याकडे माणसांनीही केलं आहे. खाजन शेतं बघ. खाडीकाठी बांध घातले, बांधाला मानस, म्हणजे पाण्याचं दार, बसवली, भरतीचं खारं पाणी अडवलं, सुकतीला आतलं पाणी सोडलं आणि चिखलात भात पिकवलं. जुन्या ताम्रपटांतसुद्धा खाजनाचा उल्लेख येतो, इतकी ही विद्या जुनी. म्हणजे एकीकडे एका बाणात समुद्र हटवणारा ऋषी आणि दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या टोपल्यांनी चिखल वाहणारे गावकरी. तुझी मुलं रात्री मानशीवर उभी आहेत, बांधाला भगदाड पडलंय, भरती चढतेय, आणि आजोबा परशुरामाची गोष्ट सांगताहेत ती अर्धवट राहिलीय. कुठल्या राक्षसाची गरज आहे तुला तिथे?

मात्र भरतीची वेळ पंचांगात बघून लिही. मी एकदा एका दिवाळी अंकात गोष्ट लिहिली होती, तिच्यात माझा नायक भर सुकतीला होडी हाकारत चिंचोळ्या खाडीतून पळून गेला. आमच्या वाड्यावरच्या एका रापणकाराने, म्हणजे जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, अंक वाचला आणि बाजारात चारचौघांत मला विचारलं, "मास्तर, तुमचो चलो होडी खांद्यार घेवन गेलो काय रे?" तेव्हापासून पाण्याबद्दल लिहिताना मी आधी त्यांच्या अंगणात जाऊन बसतो.

राखणदाराचं काय केलं आहेस बघ. त्याच्या अंगावर चिलखत, डोळ्यांत ज्वाळा, हवेत उड्या. हा आमचा राखणदार नव्हे, हा टीव्हीतला कुणीतरी. आमचा खांद्यावर घोंगडी टाकून, हातात दांडा घेऊन रात्री गावाची शीव फिरतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. झिजलेल्या वहाणा! ह्याहून चांगला तपशील कुठला लेखक स्वतःच्या मनाने काढू शकेल? त्याला दाखवू नकोस. सकाळी ओल्या मातीत वहाणेचा ठसा, बस्स. आणि लक्षात ठेव, कुणीतरी आजही त्याला नारळ ठेवतो. गोष्टीतलं पात्र असलं तरी तो कुणाचा तरी देव आहे, त्याच्याशी सलगी किती करायची ते तुझ्या आजीला विचार.

मालिका किती पुस्तकांची करू, असं तू विचारलं आहेस. जत्रेतून आल्या आल्या हे वाचलं म्हणून असेल, पण उत्तर मला शिरगावातच सापडलं. सात बहिणी आणि एक भाऊ. लईराई शिरगावला, केळबाई मुळगावला, मोरजाई मोरजीला, भाऊ खेतोबा, आणि मिराबाई म्हापशाला, तीच चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, असं लोक मानतात. गोष्ट गावोगाव थोडी वेगळी सांगतात. खेतोबाला विस्तव आणायला पाठवला, तो खेळात रमला, लईराईने रागाने लाथ मारली, मग पस्तावली आणि निखाऱ्यांवरून चालली. म्हणून आजही धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, हातात बेत (वेताची काठी) घेऊन विस्तवावरून चालतात. भावाला मारल्याचा पस्तावा कुठल्या मुलाला समजणार नाही? आठ भावंडं, आठ गावं, आठ पुस्तकं. तुझ्या मनात बारा होती, बारा कशाला?

आणि मिराबाईचं पुस्तक आलं की तुझ्या मुलांना एक किरिस्तांव मैत्रीण लागेल. पहिल्या पुस्तकापासूनच असू दे तिला, शेवटी पाहुणी म्हणून आणू नकोस. कारण पोर्तुगीज काळ तुला टाळता येणार नाही, आणि तो लिहिताना तुझा हात घसरतो. तिसऱ्या प्रकरणात तू नुसते दुष्ट आणि सुष्ट केले आहेस. देवळं पाडली गेली, हे लपवायचं काहीच कारण नाही. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ गेलं, लिंग नदीपार नार्व्याला आलं आणि तिथल्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला. कुडथाळचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हालसा, सगळी अशीच पाणी ओलांडून अंत्रुजेत, म्हणजे फोंड्याकडे, आली. पण पालखीबरोबर गेलेले आणि मागे राहून बाप्तिस्मा घेतलेले, दोघं एकाच गावकरीतले, म्हणजे गावच्या एकाच मंडळीतले, कधी एकाच घरातले. तुझी नायिका आणि तिची मैत्रीण दिवाडीहून नार्व्याच्या फेरीत उभ्या आहेत आणि दोघींना कळतं की आपली मूळ आडनावं एकच. त्यावर भाष्य करू नकोस. फेरी किनाऱ्याला लागू दे.

साहस कमी पडेल अशी तुला भीती आहे, ती तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसते. कदंबांच्या ताम्रपटातली ही गोष्ट ऐक. राजा गुहल्लदेव जहाजाने सोमनाथाला निघाला. अर्ध्या वाटेवर डोलकाठी मोडली. गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला आणि मदुमोद नावाच्या श्रीमंत मुसलमान व्यापाऱ्याने त्याला मदत केली. ते उपकार राजघराणं विसरलं नाही. पुढे जयकेशीच्या राज्यात त्याच मदुमोदाचा नातू मोठा अधिकारी झाला. मोडलेली डोलकाठी तुला तांब्यावर कोरलेली आयती मिळते आहे. समुद्रावरची लढाईसुद्धा हवी असेल तर जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन जहाजांचे वीरगळ बघ. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाला लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन जातात, वर तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. दगडातली चित्रकथाच ती. वरून खाली वाचणारा फसतो, हे कोडं म्हणून वापर.

बाकी किरकोळ. संवादात कोंकणी आहे तशीच राहू दे, खाली अर्थ देत बसू नकोस. प्रकरणं निम्मी कर. छापण्याआधी पाचवीच्या वर्गात मोठ्याने वाच आणि कुठल्या ओळीला मुलं पेन्सिलीशी खेळायला लागतात ते बघ; ती ओळ गेली म्हणून समज. मुखपृष्ठावर मशाल नको.

आता काम. पाऊस लागायच्या आत कुशावतीकाठच्या उसगाळीमळला जायचं आहे, कारण नदी चढली की कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं पाण्याखाली जातात. बैल, मोर, ते गरगरत आत जाणारं वर्तुळांचं चक्र, सगळं. अभ्यासकांना त्यांचा पत्ता १९९३ मध्ये लागला, तोही गावच्या लोकांनी सांगितल्यावर. गावच्यांनी ती कधीपासून पाहिली होती, हे तुझ्या दुसऱ्या पुस्तकाचं पहिलं वाक्य होऊ शकेल असं मला वाटतं. पण आधी तिथे नुसती बैस. वही पिशवीतच ठेव. सकाळच्या तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात, दुपारी नाही, तेव्हा मडगावहून सातची बस. मी स्टँडवर असेन. जुन्या चपला घाल आणि धाकट्या भावाला बरोबर आण. अकरा वर्षांचा आहे ना तो? त्याला काहीच सांगू नकोस. तो पहिला प्रश्न काय विचारतो ते मला ऐकायचं आहे.

तुझा,
मास्तर

ता. क. मणी ठेवायचाच असेल तर ठेव, पण त्याला चमकू देऊ नकोस. धाकटीच्या खिशात असू दे, काचेचा, जत्रेतला.