‘निर्भर’ की ‘विसंबून’?

साताऱ्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या उपास-प्रार्थनेच्या फलकावर ‘अनिश्चित काळात परमेश्वरावर निर्भर राहा’ असे लिहायचे ठरले आहे. ते मराठी म्हणून चालेल काय, आणि नसेल तर ‘अवलंबून’ व ‘विसंबून’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

चालणार नाही. हा ‘निर्भर’ हिंदीतून आलेला असून भाषांतरित उपदेशांतून आणि गीतांतून तो इतक्या वेळा कानी पडतो की आता त्याचा उबग आला आहे. मराठीत आणि संस्कृतात ‘निर्भर’ म्हणजे काठोकाठ भरलेला. हर्षनिर्भर, प्रेमनिर्भर हे शब्द आपण वाचलेले असतात. ‘परमेश्वराच्या प्रेमाने निर्भर’ म्हणा, काही हरकत नाही. ‘परमेश्वरावर निर्भर’ याला मात्र मराठीत अर्थ नाही.

‘अवलंबून’ शुद्ध आहे, परंतु त्यात लोंबकळणे आहे. खरा शब्द ‘विसंबून’, आणि त्याची कूळकथा सांगण्यासाठीच मी हे उत्तर लिहायला बसलो, हे कबूल करतो.

‘विसंबणे’ या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत. ‘आई लेकराला क्षणभर विसंबत नाही’ यात विसरणे, दुर्लक्ष करणे आहे. ‘मी त्याच्यावर विसंबले’ यात विश्वास टाकणे आहे. द्वितीया लावली की हयगय, ‘वर’ लावला की भरवसा. माझ्या मते हा शब्द संस्कृत ‘विश्रम्भ’, प्राकृत ‘वीसंभ’ या वाटेने आला. संस्कृत धातूंची जुनी यादी असलेल्या धातुपाठात तर ‘श्रम्भु प्रमादे’ आणि ‘स्रम्भु विश्वासे’ असे दोन धातू दिलेले आहेत, म्हणजे केवळ श आणि स यांच्या फरकाने एकाचा अर्थ बेसावधपणा आणि दुसऱ्याचा विश्वास! मराठीने दोघांना एकाच घरात नांदवले. सांगलीतले आमचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक ‘विसंबणे’ हे ‘विलंब’ आणि ‘अवलंब’ यांचे भावंड असल्याचे ठासून सांगतात; ‘ल’चा ‘स’ कोणत्या नियमाने झाला, हे मात्र त्यांनी आजवर सांगितलेले नाही.

त्यांचा दुसरा आक्षेप असा की ‘दैवावर विसंबून राहणे’ यात आळसाचा वास येतो, म्हणून हा शब्द देवाच्या संदर्भात वापरू नये. येथे त्यांनी बायबलातल्या जुन्या कराराची मूळ भाषा पाहायला हवी होती. नीतिसूत्रे 3:5 मध्ये मराठी पवित्र शास्त्र ‘परमेश्वरावर भाव ठेव’ म्हणते, तेथे हिब्रू धातू ‘बाताख’ आहे. आणि त्या धातूलाही नेमके हेच दोन पदर आहेत. यशया 32:9 मध्ये ज्या बेफिकीर स्त्रियांची कानउघाडणी केली आहे त्यांचे विशेषण याच धातूचे, आणि त्याच अध्यायाच्या सतराव्या वचनात नीतिमत्त्वाचे फळ म्हणून जी निर्धास्तता सांगितली आहे तीही याच धातूची. शास्ते 18:7 मधले लइश नगराचे रहिवासी असेच निर्धास्त राहत होते, आणि त्यांच्यावर धाड पडली. तेव्हा शब्द तोच. बेसावधपणा की विश्वास, हे कोणावर विसंबलो त्यावरून ठरते. नीतिसूत्राच्या त्याच वचनाचा उत्तरार्ध, ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’, हाच भेद सांगतो. तेथे मुळात ‘टेकणे’ या अर्थाचा धातू आहे आणि तेविसाव्या स्तोत्रातली मेंढपाळाची काठी त्याच धातूपासून झाली आहे, पण तो विषय वेगळा.

मिरजेला 1894 साली मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी सुरू केलेल्या मिशन दवाखान्याच्या व्हरांड्यात, माझ्या आईची शस्त्रक्रिया चालू असताना, शेजारी जत तालुक्यातली एक ख्रिस्ती आजी बसली होती. तिचा मुलगा आत होता, आणि तपासणीची चिठ्ठी तिने पदराच्या गाठीत बांधली होती. काय होईल, असे मी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “डागदर हायती की. पर म्या इसंबले ती त्येच्यावर,” आणि तिने हनुवटीने वर खूण केली. एवढे बोलून तिने गाठ सोडली, चिठ्ठी जागेवर असल्याची खात्री केली आणि पुन्हा बांधली. आमच्या शिक्षकमहाशयांना यात आळस कोठे दिसतो, ते त्यांनी दाखवावे.

फलक अद्याप रंगवला नसेल तर ‘परमेश्वरावर विसंबून राहा’ असे लिहावे. रंगवून झाला असेल तर ‘परमेश्वरावर’ तेवढे पुसून तेथे ‘परमेश्वराच्या प्रेमाने’ घालावे. अर्थ बदलेल, पण ‘निर्भर’ जागेवर राहील आणि रंगाऱ्याचे पैसे वाचतील.