आल्प्सच्या दरीत उताराच्या दिशेने सायकल चालवली तर त्याला सायकलिंग म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की वय ५२, एक गुडघा कुरकुरतो, आल्प्समधल्या एखाद्या दरीतून गावोगाव थांबत सायकलने फिरायचंय, तर झेपेल का. आणि वरून खाली येणारा मार्ग धरला तर मित्र हसतात, त्यांना काय सांगायचं. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो: झेपेल. दुसऱ्यासाठी मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण हेच बोलणं मी भर जेवणात, बायकोसमोर ऐकून घेतलेलं आहे आणि ते अजून मनातून गेलेलं नाही.

दरी कोणती ते आधी सांगतो. इटलीच्या अगदी उत्तरेला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून फिंशगाउ नावाची दरी आहे. इटालियन नाव व्हाल व्हेनोस्ता. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता, त्यामुळे घराघरात आजही जर्मन बोलतात आणि प्रत्येक पाटीवर दोन नावं असतात. वर रेशेनची खिंड साधारण १,५०० मीटरवर, खाली मेरान शहर ३२५ मीटरवर, मध्ये आदिजे नदी. तिच्या कडेकडेने ८० किलोमीटरच्या आसपास सायकलमार्ग आहे, बहुतेक डांबरी, मोटारींपासून वेगळा. रोमन लोकांचा आल्प्स ओलांडणारा रस्ता याच दरीतून जायचा. तुमच्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

मी निफाड तालुक्यातला, द्राक्षबागायतदार. आमच्या सायकल ग्रुपबरोबर आम्ही दोघं एप्रिलअखेरीस तिकडे गेलो होतो. ग्रुपचं नेतृत्व एका सरांकडे होतं. नाव घेत नाही, माणूस शिस्तीचा आहे, पंक्चर काढण्यापासून विम्याच्या कागदांपर्यंत सगळं बघतो. त्यांचा आग्रह होता की सगळ्यांनी मेरानहून रेशेनपर्यंत चढून जायचं. बायको म्हणाली, "सर, आम्ही दोघं गाडीने वर जातो आणि सावकाश खाली येतो. मला गावं बघायचीत." सरांनी तेव्हा मान हलवली. बोलले ते नंतर.

रेशेनच्या खिंडीखाली मोठा तलाव आहे आणि त्यातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. फोटो तुम्ही पाहिला असेलच. तलाव नैसर्गिक वाटतो, पण तो धरणाचा आहे. १९५० साली वीजनिर्मितीसाठी पाणी अडवलं आणि जुनं ग्राउन गाव बुडालं. १६३ घरं पाडली, ५२३ हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. गावकऱ्यांचं गाऱ्हाणं रोमपर्यंत, थेट पोपपर्यंत गेलं होतं. उपयोग झाला नाही. चौदाव्या शतकातला म्हणून मनोरा तेवढा ठेवला. हिवाळ्यात त्यातून घंटा ऐकू येतात अशी दंतकथा सांगतात. घंटा पाणी सोडण्याआधीच उतरवून नेल्या होत्या.

आता माझ्या बायकोचं आजोळ इंदापूरकडचं, पळसदेवचं. जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि लोक होडीने, चिखलातून दर्शनाला जातात. तिची आजी जायची, बोटाने दाखवायची की इथे पार होता, तिथे आपलं जोतं. आम्ही ग्राउनला पोहोचलो तेव्हा तलावही उतरलेला होता. काठाचा राखाडी गाळ उघडा, त्याला भेगा पडलेल्या. पार्किंगमध्ये बस थांबत होत्या, लोक उतरून मनोऱ्याकडे पाठ करून फोटो काढत होते आणि परत बसमध्ये चढत होते. बायकोने सायकल कठड्याला लावली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "अहो, आपण इथे बसू या."

बसलो. तिथे माहितीफलक आहेत, ते तिने एकेक वाचले. पुनर्वसनाचं नवं ग्राउन वर वसवलंय, तिथे चढून गेलो. नव्या चर्चच्या आवारातल्या थडग्यांवरची आडनावं ती वाचत होती. तीच तीच आडनावं पुन्हा येत होती. एका बाईने दारातून विचारलं, काही हवंय का. बायकोने तिला इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं की माझ्या आजीचं गावही असंच पाण्यात आहे. तिला किती कळलं देव जाणे, पण तिने आत नेऊन कॉफी दिली आणि भिंतीवरचा जुना फोटो दाखवला: तोच मनोरा, भोवती घरं, गवताचे भारे, एक बैलगाडी. बायकोने फोटोच्या काचेवर बोट ठेवून विचारलं, तुमचं घर कुठलं? बाईने मनोऱ्याच्या डावीकडचं एक छप्पर दाखवलं. सासऱ्यांचं होतं. मग दोघी बराच वेळ त्या छपराकडे बघत उभ्या होत्या.

तिथून पुढे उतार लागला. सांक्ट व्हालेंटिननंतर माल्सपर्यंत तो खरोखर मोठा आहे, समोर ऑर्टलरचं ३,९०५ मीटरचं बर्फाळ शिखर. बुर्गाइसच्या वर डोंगरात मारियनबेर्गचा पांढराशुभ्र मठ दिसतो. आमची मंडळी तिथेच खालून वर येताना भेटली, घामाघूम. सरांनी हात केला, थांबले नाहीत. त्यांचा वेळ लावलेला होता.

मुक्काम ग्लुर्न्सला होता. हे तटबंदीतलं शहर आहे, वस्ती जेमतेम हजाराच्या आत. १४९९ च्या लढाईत जळालं, त्यानंतर बांधलेला तट आजही पूर्ण उभा आहे, वेशी तीन. जेवताना सरांनी विचारलं, आज किती चढ केला? मी म्हटलं, चढ नाही केला, उतरून आलो. तेव्हा ते म्हणाले, "चढून आलात तर ते सायकलिंग. उतरून आलात ती सहल. आणि अर्धा दिवस मनोऱ्यापाशी बसलात म्हणे?" टेबलावरचे सगळे हसले. बायको काही बोलली नाही, ताटात बघत राहिली. मला ते लागलं, आणि माझं उत्तर तेव्हापासून तयार आहे.

सर, या दरीत सगळंच वरून खाली येतं. पाणी वरून येतं. आल्प्सच्या मधोमध असूनही इथे पाऊस आपल्या दुष्काळी पट्ट्याइतकाच, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, कारण दोन्ही बाजूंचे डोंगर ढग अडवतात. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या कडेने पाट काढून आणलं. त्यांना 'वाल' म्हणतात. आपल्याकडे पांझरा-मोसम खोऱ्यात फड पद्धतीत पाटकरी असतो, तसा तिथे वालर असायचा: पाणी सोडणारा, वाटणारा, गाळ काढणारा. पाटावर छोटं पाणचक्र बसवलेलं, त्याला हातोडी, हातोडी घंटेवर वाजते. पाणी वाहतंय तोवर घंटेचा ठोका चालू. ठोका थांबला की वालरला झोपेतही कळायचं, वर कुठेतरी पाला अडकलाय किंवा बांध फुटलाय. काही पाट अजून वाहते आहेत आणि त्यांच्या कडेने चालायच्या वाटा आहेत. सायकल खाली लावून तासभर तिथे चाला. हे मान खाली घालून चढणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याचं लक्ष घड्याळात असतं.

आणि गावं म्हणाल तर एकेका गावात थांबण्यासारखं आहे. लास गावात संगमरवराची खाण आहे, फुटपाथसुद्धा पांढऱ्या संगमरवराचे. माल्समध्ये २०१४ साली लोकांनी मतदान करून ठरवलं की गावच्या हद्दीत रासायनिक फवारणी नको. तीन-चतुर्थांश मतं बाजूने पडली. पुढे तो नियम कोर्टात टिकला नाही, पण फवारणी करणाऱ्या माझ्यासारख्याला तिथल्या भिंतींवरच्या घोषणा बघून थांबावंसं वाटलंच. बेकरीत राय (rye) नावाच्या धान्याची जोडभाकर मिळते, दोन गोल पाव एकमेकांना चिकटलेले, 'पार्ल' म्हणतात. तोडून नाकाशी धरा: मेथीचा वास येतो. मेथीच्याच कुळातली एक निळ्या फुलांची वनस्पती वाळवून त्या पिठात घालतात. बायकोने दोन वेळा विकत घेतली.

श्लांडर्सजवळ एका पहाटे मला जे दिसलं ते सरांना कितीदा सांगायचा प्रयत्न केला. आदल्या रात्री आभाळ निरभ्र, पारा शून्याखाली. सफरचंदाच्या बागा ऐन फुलोऱ्यात. रात्रभर स्प्रिंकलरचा टक-टक आवाज येत होता. सकाळी जाऊन पाहिलं तर अख्खी बाग बर्फात. फांदी हातात धरली: काचेसारख्या पारदर्शक बर्फात गुलाबी कळी, पाकळीवरची शीर न् शीर दिसतेय, बर्फाच्या टोकाला पाण्याचा थेंब. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे कळी शून्याच्या आसपास राहते, मरत नाही. पण एक अट आहे: ऊन येऊन बर्फ वितळू लागेपर्यंत पाणी बंद करायचं नाही. मध्येच पंप बंद पडला तर बाग गेली. तिथला बागायतदार रात्रभर जागा होता, डोळे तांबारलेले, गमबूट चिखलाने भरलेले. निफाडला पारा चार-पाचवर आला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ड्रिप चालू करतो. मी त्याला मोबाईलवर आमच्या शेकोट्यांचे फोटो दाखवले. त्याने पाण्याचा दाब, नोझल, मोटार असं सगळं मला दाखवलं आणि जाताना खांद्यावर हात ठेवला. हे मला चढाच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं, आणि मी ते कुणापुढेही म्हणेन.

बरं, तिथले लोक स्वतः काय करतात तेही ऐका. मेरान ते माल्स रेल्वे १९०६ सालची. १९९० मध्ये ती बंद पडली, २००५ मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने पुन्हा सुरू केली. भाड्याची सायकल घेऊन गाडीने वर जायचं, उतरत यायचं आणि खालच्या स्टेशनात सायकल परत द्यायची, ही तिथली रुळलेली पद्धत आहे. आजी-आजोबा, शाळेची मुलं, सगळे तसेच फिरतात. त्यांना कुणी फसवे म्हणत नाही.

ई-बाईकबद्दल: घ्या, बिनधास्त. गुडघ्याला आराम हवा असेल तर त्यात कमीपणा नाही. साधी घेतलीत तरी या दिशेने फारसा ताण नाही, मात्र हलक्या गिअरवर पाय फिरते ठेवा.

आता काही गोष्टी, ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या. उतार म्हणजे आराम असं धरू नका. तलावांपासून माल्सपर्यंत आणि शेवटी ट्योलहून मेरानकडे जाताना वळणांचा उतार आहे. ब्रेक सतत दाबून धरू नका, टप्प्याटप्प्याने मारा, निघण्याआधी पॅड तपासा. दुपारनंतर दरीत खालून वर वारा सुटतो, तेव्हा उतरतानाही पायडल मारावं लागतं, म्हणून सकाळी निघा. माल्सच्या वर रेल्वे नाही. उन्हाळ्यात सायकली नेणाऱ्या शटल मिळतात, एप्रिलमध्ये मिळतीलच असं नाही, आम्हाला आमची गाडी होती. रेल्वेमार्गावर विद्युतीकरणासारखी कामं निघाली की गाडीऐवजी बस असू शकते, तेव्हा वेळापत्रक बघूनच मुक्काम ठरवा. फुलोरा बघायचा तर एप्रिल, पण वर हातमोजे लागतात; सप्टेंबरमध्ये सफरचंदाची तोडणी असते आणि ट्रॅक्टर वाटेवर येतात, त्यांना आधी जाऊ द्या. शाकाहारी असाल तर श्लुट्झक्राप्फेन मागा, पालक भरलेल्या करंज्या असतात, वरून लोणी. त्यावर मांस घालत नाहीत ना एवढं विचारून घ्या. गुडघ्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी बागायतदार आहे.

आणि स्टेल्विओ घाटाचं वेड तुमच्या मित्रांना असेलच. २,७५७ मीटर, प्राडच्या बाजूने ४८ वळणं. घाट साधारण मेअखेर-जूनमध्ये उघडतो. ज्यांना चढायचंय त्यांनी जरूर चढावं, माझा विरोध चढाला नाही. त्यांना सकाळी प्राडला सोडा, तुम्ही लासच्या बाजूने पुढे व्हा, आणि संध्याकाळच्या जेवणाला त्यांच्याबरोबर बसायचं की नाही हे तुम्ही ठरवा. आम्ही पुढच्या वेळी दोघंच जाणार आहोत. सरांना तसं सांगितलंय.