कनेक्शनमागे पैसे घेणाऱ्या केबल कामगाराला ओव्हरटाइम मागता येतो का?

मागता येतो. रात्री दहापर्यंत फायबर ओढायला लावून तुमचा ठेकेदार 'तू कामगार नाहीस, भागीदार आहेस' असे म्हणतो, हे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे. कोणत्या घरी जायचे हे तो ठरवतो, फायबर जोडायचे स्प्लाइसिंग मशीन आणि ओळखपत्र तो देतो, खाडा झाला तर पैसेही तोच कापतो. मग नफ्यातला वाटा कधी दिला होता, एवढेच त्याला विचारा.

माझे ठेकेदार माझे सख्खे मामा होते. केबलचे ॲनालॉग सिग्नल बंद करण्याची मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढली, तेव्हा मानवत-पाथरीकडच्या खेड्यांत घरोघर सेट-टॉप बॉक्स बसवण्याचे काम मामांनी घेतले होते, आणि महिना ७,००० रुपये व बॉक्समागे २० रुपये अशा बोलीवर मी त्यांच्याकडे लागलो. सकाळी आठला निघायचो. तार ओढून, कनेक्टर लावून बॉक्स तयार व्हायचा, पण भारनियमनामुळे गावात वीज नसे आणि विजेशिवाय बॉक्स चालू करून दाखवता येत नसे. कुणाच्या तरी ओट्यावर बसून वीज येण्याची वाट बघायची आणि ती आली की रात्री दहापर्यंत धावपळ करायची, असे तीन महिने चालले. शेवटी जादा तासांचे पैसे मागितले, तेव्हा मामा म्हणाले, "घरचं काम हाय, तास मोजायचे असतेत का? बसून ऱ्हायल्याचे पैसे मागतोस व्हय? अन् बॉक्समागं वीस रुपये दिले, त्योच तुझा ओव्हरटाइम."

हे म्हणणे तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे. बॉक्समागचे पैसे कामाच्या संख्येचे असतात आणि ओव्हरटाइम वेळेचा असतो. एक दिल्याने दुसरा फिटत नाही. मालकाच्या सांगण्यावरून, मालकाच्या कामासाठी मी त्या ओट्यावर अडकून पडलो होतो, तो वेळ माझा नव्हता. मामांच्या सोयीने नऊ तासांचा दिवस धरला आणि जेवणाचा तास वगळला, तरी रोज चार तास जादा होत होते. सव्वीस दिवसांच्या महिन्याने माझा तासाचा दर साधारण ३० रुपये पडतो, दुप्पट दराने ६०, म्हणजे रोजचे २४० आणि ७८ दिवसांचे १८,७२० रुपये.

मी दावा केला नाही. आईने हात धरला हे एक कारण; दुसरे असे की माझ्या वहीत बॉक्सचे आकडे होते, वेळा नव्हत्या. किमान वेतन अधिनियम, १९४८ खाली दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती आणि ती रुसव्याफुगव्यातच निघून गेली. तुमची स्थिती बरी आहे. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत जादा तासांना किमान दुप्पट दर आहे, दाव्याची मुदत तीन वर्षे आहे आणि देणे चुकते केले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. ठेकेदाराने हात वर केले, तर ज्या कंपनीसाठी तुम्ही काम केले तिच्यावर जबाबदारी येते. तरीही रोज किती वाजता निघालात आणि किती वाजता सुटलात, हे त्याच दिवशी लिहा. काम नेमून देणारे व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका. त्यांवर वेळ छापलेली असते. अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्या. ठेकेदार नातेवाईक असेल तर अर्ज आधी द्या, कारण अशा ठिकाणी लाजेपोटीच मुदत संपते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुम्हाला महिन्याचा किंवा दिवसाचा पगार अजिबात नसून केवळ कनेक्शनमागे पैसे मिळत असतील, तर ओव्हरटाइमवर वाद घातला जाईल. तेव्हा दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली गेली का, हा मुद्दा आधी मांडा. शिवाय जुन्या कायद्याच्या काळातली थकबाकी असेल तर नव्या मुदतीच्या भरवशावर थांबू नका.

मामा इथे काही वाचत नाहीत, पण त्यांचा थोरला मुलगा वाचतो. त्याने दिवाळीला सगळे जमल्यावर हा आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा : १८,७२०.