चार पिढ्यांचं जेवण झाल्यावर वाईजवळ सगळ्यांना कुठं फिरवून आणावं?

तुमच्या आजीपासून चार वर्षांच्या लेकापर्यंत सगळे दिवाळीत वाईला जमताय, आणि जेवणानंतर गाड्या काढून पाचगणी बरी की आणखी काही, असं विचारलंय.

पाचगणी नको. सुट्टीच्या दुपारी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते, भरल्या पोटी वळणांवर पोरं ओकतात, आणि वर पोचल्यावर म्हातारी माणसं गाडीतच बसून राहतात. त्यापेक्षा पश्चिमेला मेणवलीवरून धोमला जा. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतील, घाट चढायचा नाही, वाटेत ऊस नि हळद.

जेवणात मात्र पुरणपोळी ठेवू नका. पुरणावर तूप ओतून जेवलेला माणूस चारच्या आत उठत नाही, आणि दिवाळीत सहाला अंधारायला लागतं. आमच्याकडे अशा दिवशी मसालेभात, मठ्ठा, भरली वांगी, घेवड्याची उसळ. गोडाला फराळाचे डबे आहेतच. पहिली पंगत बाराला, पोरं आणि थोरल्यांची. त्यांची एक डुलकी होईतो वाढणाऱ्यांची पंगत उरकते. भांडी पुरुषांनी घासली की तीनला निघता येतं (घासतात, फक्त सांगावं लागतं). पुढची सीट आजींची. गाडी उंच असेल तर चढण्या-उतरण्यासाठी डिकीत एक पाट टाका.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्या मागे कृष्णेचा घाट. पायऱ्या आजींना झेपायच्या नाहीत, त्यांना वरच सावलीत बसवा. पोरांना घाटावरची मोठी घंटा दाखवा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या लुटीतली ही घंटा. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. देवळाजवळ ही बाई कशी आली, हे पोरं विचारणारच. तेव्हा आजोबांना पुढे करा. आमच्या काकांनी वसईची लढाई अशी सांगितली की ते स्वतः तटावर चढले होते असं वाटावं.

धोमला कमळाच्या आकाराच्या कुंडात दगडी कासवावर बसलेला नंदी आहे. तो बघायला दहा मिनिटं पुरतात. खरा वेळ ठेवायचा तो धरणाच्या पाण्यासाठी. कृष्णेवरच्या या धरणात गावं गेली, माणसं उठून दुसरीकडे वसली. माझ्या आजीचं माहेर त्यातलंच. एरवी गाडीत गप्प बसणारी आजी तिथं बोट दाखवून बोलायला लागते: त्या टेकडीच्या अलीकडे आमची विहीर, इकडं खळं. माझ्या भाचीनं विचारलं, आता त्या घरात मासे राहतात का? आजी म्हणाली, राहू देत की, भाडं कुठं मागायचंय आपल्याला!

म्हणून निघण्याआधी तुमच्या आजींनाच विचारा, या बाजूला त्यांचं कोण होतं, काय होतं. त्यांनी वेगळंच गाव सांगितलं तर सरळ तिकडे गाडी वळवा, मेणवली-धोम पुन्हा कधीतरी.

साडेपाचला परत फिरा. ऊसतोडीचे दिवस असतात, ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असं नाही. चहा घरी येऊनच घ्या. वाटेत थांबलात की प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असतं.