घरात दिवसभर माणूस असेल, तर स्मार्ट थर्मोस्टॅट कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात जुना, हाताने फिरवायचा थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं उपकरण) आहे. हीटिंग गॅसच्या बॉयलरवर चालतं. तुम्ही, यजमान आणि मुलं सकाळी बाहेर पडता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई दिवसभर घरीच असतात. रात्री तापमान उतरवायचं रोज विसरतं. विक्रेता फोनवरच्या ॲपने चालणारा स्मार्ट थर्मोस्टॅट बिनव्याजी हप्त्यांवर द्यायला तयार आहे. तो घ्यावा, की वेळापत्रक एकदा लावून देता येणारा (प्रोग्रॅमेबल) साधा डिजिटल घ्यावा?

माझं उत्तर: साधा डिजिटल घ्या.

तुम्ही पाठवलेल्या बिलांवरून हिशेब मांडला. वर्षाचं ऊर्जेचं सगळं बिल 100 धरलं, तर हीटिंग आणि एसीचा वाटा 45 येतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा थंडीतला आहे. याच मापाने स्मार्ट उपकरण बसवण्याच्या खर्चासह 20 ला पडतं आणि साधा डिजिटल 6 ला.

आता बचत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ढोबळ नियम असा, की रोज 8 तास तापमान 4 ते 5.5 अंश सेल्सिअसने उतरवलं तर हीटिंगचा वर्षाचा खर्च 10 टक्क्यांपर्यंत वाचू शकतो. तुमच्या घरात मी एवढी आशा धरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार थंडीत घरातलं तापमान 18 अंशांच्या खाली जाऊ नये, आणि वृद्धांना त्याहून जास्त ऊब लागू शकते. म्हणजे रात्रीचे दोन-अडीच अंश, एवढीच तुमची मर्यादा. दिवसा तर उतरवायचा प्रश्नच नाही. म्हणून मी निम्मी, 5 टक्के बचत धरली. 45 चे 5 टक्के म्हणजे वर्षाला 2.25. साध्या डिजिटलचे 6 पावणेतीन वर्षांच्या आत वसूल होतात. स्मार्टच्या 20 ला जवळपास नऊ वर्षं लागतात.

विक्रेत्याने सांगितलेला 8 टक्के बचतीचा आकडा खोटा नाही. ऊर्जा वाचवणाऱ्या उपकरणांना मान्यता देणारा अमेरिकी सरकारचा एनर्जी स्टार कार्यक्रमही स्मार्ट थर्मोस्टॅटसाठी सरासरी साधारण तेवढाच आकडा देतो. पण ती सरासरी आहे, आणि स्मार्ट उपकरणाची खरी करामत घर रिकामं असतानाची: कुणी नाही हे ओळखून ते आपणहून तापमान उतरवतं. तुमचं घर रिकामं राहतच नाही. रात्रीची ठरलेल्या वेळेची बचत 6 वालं उपकरणही तितकीच करतं. मग वरचे 14 तुम्ही फोनवरून बटण दाबता यावं एवढ्यासाठी मोजणार. हौस म्हणून मोजायला हरकत नाही, पण बचत या रकान्यात ते लिहू नका.

नऊ वर्षांची मला दुसरीही काळजी वाटते. स्मार्ट उपकरणाचं आयुष्य भिंतीवरच्या डब्याएवढं नसतं, कंपनी जोवर ॲप चालवते तोवरचं असतं. नेस्ट या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांना, म्हणजे 2011 आणि 2012 साली अमेरिकेत आलेल्या मॉडेल्सना, गूगलने ऑक्टोबर 2025 मध्ये ॲपचा आधार देणं बंद केलं. भिंतीवरून हाताने ते अजून चालतात. पण दुसऱ्या पिढीचं उपकरण 2015 मध्ये घेतलेल्या माणसाला ॲपसकट दहाच वर्षं मिळाली. नऊ वर्षांत वसूल होणाऱ्या वस्तूत एवढी कमी उसंत मला पुरेशी वाटत नाही. हप्ते बिनव्याजी असले तरी हे गणित बदलत नाही. 20 ते 20 च राहतात.

यजमानांची शंका अशी, की रात्री थंड झालेलं घर सकाळी पुन्हा तापवायला जास्तच गॅस जळतो. तसं होत नाही. घरातली उष्णता किती वेगाने बाहेर जाते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. रात्रभर घर थोडं थंड असलं की तेवढे तास गळतीही कमी. सकाळी बॉयलर जास्त वेळ चालतो, पण रात्री तो जेवढा थांबलेला असतो त्यापेक्षा कमीच. हीट पंपवाल्या (बाहेरची उष्णता विजेच्या यंत्राने आत खेचणाऱ्या) घरांत मात्र जपावं लागतं: सकाळी एकदम तापवायला गेलं की विजेचा साहाय्यक हीटर सुरू होऊन बचत खाऊन टाकू शकतो. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

साधा घेताना सर्वांत सोपा घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. 2009 च्या अखेरीस एनर्जी स्टारने प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटला मान्यता देणं थांबवलं, कारण ती उपकरणं वापरायला इतकी किचकट होती की अपेक्षित बचत हाती येईल याची खात्री उरली नव्हती. तुमच्या घरी तो दिवसभर सासूबाईंच्याच हाताखाली असणार. मोठे आकडे, उजेड देणारा पडदा, दोन ठळक बटणं, आणि त्यांनी तात्पुरतं तापमान वाढवलं तर पुढच्या ठरलेल्या वेळी आपोआप वेळापत्रकावर परतणारा. खरेदीआधी त्यांना तो हाताळून बघू द्या. त्यांना जमला नाही तर वरचे सगळे आकडे फुकट गेले समजा.

पैसे देण्याआधी एक तपासणी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या: जुन्या थर्मोस्टॅटच्या तारांमध्ये 24 व्होल्टचा कमी दाब आहे की घरच्या विजेचा पूर्ण दाब. चुकीचं उपकरण जोडणं धोक्याचं आहे. जुन्या डब्यात काचेची पाऱ्याची नळी दिसली तर तो कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. नवीन बसवताना जागाही बघा. ऊन, दिवा किंवा गरम हवेचा झोत लागणाऱ्या भिंतीवर तो खोलीचं तापमान चुकीचं मोजेल.

उरलेल्या 14 पैकी थोडे खिडक्या-दारांच्या फटी बुजवायला काढा. तुमच्या पत्रात सासूबाईंच्या खोलीत वारा येतो असं एक ओझरतं वाक्य आहे. मला ते थर्मोस्टॅटच्या प्रश्नाहून मोठं वाटलं. फट बुजली की त्यांना त्याच तापमानात जास्त ऊब वाटेल, आणि ती बचत रात्री-दिवसा सतत चालू राहील.

माझं मत दोन गोष्टींनी बदलेल. तुमच्या वीज किंवा गॅस कंपनीकडून स्मार्ट थर्मोस्टॅटवर मोठी सवलत मिळून 20 चे 8 झाले, तर साडेतीन वर्षांत वसुली होते. मग जरूर घ्या. मात्र सवलतीच्या अटी वाचा: काही योजनांत मागणी वाढलेल्या तासांत तापमान बदलायचा अधिकार कंपनीकडे जातो, आणि सासूबाई घरात असताना तो मी देणार नाही. दुसरी गोष्ट, तासागणिक बदलणाऱ्या दराचं बिल तुम्हाला लागू झालं तर नवे आकडे पाठवा, आपण हिशेब पुन्हा मांडू.